शाळा सुटल्यापासून मगरिबपर्यंत

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



आमच्या मकतबमध्ये एक पद्धत होती. मुलाने एखादी सूरह न चुकता ऐकवली की त्याला चॉकलेट किंवा पाच रुपयांचे चटपटीत पाकीट बक्षीस मिळत असे. ही पद्धत मीच सुरू केली होती आणि तिचा मला अभिमानही होता. गेल्या पावसाळ्यात आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने सूरह तकासुर ऐकवली. उच्चार शुद्ध, थांबे योग्य. अखेरच्या आयतीत मिळालेल्या नेअमतींबद्दल त्या दिवशी माणसाला जाब विचारला जाईल असे बजावले आहे. ती आयत संपवून त्याने क्षणभरही न थांबता उजवा हात माझ्यापुढे केला. मी त्यावर पाकीट ठेवले. त्या रात्री इशाच्या नमाजमध्ये मी तीच सूरह पढली, आणि त्या आयतीशी आल्यावर मला तो पुढे आलेला हात आठवला.

जाब कोणाला विचारला जाणार? आठ वर्षांच्या मुलाला नव्हे. शरीअतने त्याच्यावर अद्याप जबाबदारीच टाकलेली नाही.

आपण सहज म्हणतो की हल्लीची मुले हट्टी झाली आहेत, घरचे खात नाहीत, फोन सोडत नाहीत. पण मूल कमावत नाही, बाजारहाट करत नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून येणारा बाप मुलाला दिवसभर भेटलेला नसतो. तो खिशातून पाकीट काढतो, कारण माया दाखवायला त्याच्यापाशी वेळ उरलेला नसतो. घरकाम आटोपता आटोपत नाही म्हणून आई फोन लावून देते आणि त्याच्यासमोर घास भरवते. शाळेच्या वाटेवर दुकानाच्या दारात पाकिटांच्या माळा लोंबत असतात, त्याही नेमक्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. दावतीत बिर्याणीच्या ताटाशेजारी थंड पेयाची बाटली नसली तर यजमानालाच ओशाळे वाटते. आणि मकतबमध्ये इमामसाहेब सूरहच्या बदल्यात तेच देतात. मुलाच्या भोवतीचे हे सारे हात मोठ्यांचे आहेत.

शासनालाही हे उमगले आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2020 साली केलेल्या नियमांनुसार अतिरिक्त चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. पण एक्कावन्नाव्या मीटरपासून पुढे कायदा कोणाचा? तिथून घरापर्यंतची वाट आपल्या ताब्यात आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक माणसाला राखणदार म्हटले आणि त्याच्या कळपाविषयी त्याला विचारले जाईल असे सांगितले, ते याच वाटेलाही लागू आहे.

आता एका मुलाची हकीगत ऐका. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या पहिल्या पतीचे निधन झाल्यावर त्यांचा मुलगा उमर बिन अबी सलमा (रजि.) प्रेषितांच्या देखरेखीखाली वाढला. जेवताना त्याचा हात तबकात सगळीकडे फिरत असे. प्रेषितांनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या: अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने खावे, आणि आपल्या पुढ्यातले खावे. हे प्रेषितवचन आपल्या मुलांना तोंडपाठ असते. मीही पाठ करून घेतो. परंतु आपण ते शिकवताना त्यातील जागा विसरतो. प्रेषित (स.) त्या मुलाबरोबर एकाच तबकात जेवत होते. दुसऱ्या खोलीतून त्यांनी हाक मारली नाही. मुलाचा हात भरकटला तेव्हाच सांगितले, थोडक्यात सांगितले, रागावले नाहीत. आणि उमर बिन अबी सलमा (रजि.) मोठेपणी सांगतात की त्यानंतर त्यांची खाण्याची रीत तशीच राहिली. एका वेळच्या सहभोजनातील बोलणे जन्मभर पुरले! आपल्या घरी दस्तरखानावर सर्व जण एकत्र बसतात असा प्रसंग आठवड्यातून किती वेळा येतो, हे वाचकांनी आपल्या मनाशी मोजून पाहावे.

दुसरी हकीगत नातवाची आहे. लहानग्या हजरत हसन (रजि.) यांनी सदक्याच्या खजुरांतील एक उचलून तोंडात टाकला. प्रेषितांनी तो लगेच टाकून द्यायला लावला, कारण सदका त्यांच्या घराण्यासाठी वर्ज्य होता. मूल लहान आहे, त्याला काय कळते, असे ते म्हणाले नाहीत. या बाबतीत आपणही जागरूक असतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका आपण निरखून पाहतो आणि निर्धास्त होतो. पण सूरह बकराच्या 168 व्या आयतीत अल्लाहने मानवजातीला जे खाण्यास सांगितले त्याला दोन विशेषणे लावली आहेत: हलाल आणि तय्यब. हलाल म्हणजे वैध. तय्यब म्हणजे स्वच्छ, चांगले, हितकारक. हिरवा ठिपका या दुसऱ्या शब्दाविषयी काहीच सांगत नाही. आपण एका शब्दाची परीक्षा घेतो आणि दुसरा तसाच सोडून देतो.

मला घरच्या रुचकर अन्नाविरुद्ध काही म्हणायचे नाही. पांढऱ्या रश्श्याला नावे ठेवून कोल्हापुरात इमामत करता येणार नाही! याच शहरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून म्हशीचे फेसाळ दूध पेला भरून दिले जाते. बक्षीस देणेही गैर नाही. एका आईने मुलाला काहीतरी देते म्हणून जवळ बोलावले, तेव्हा प्रेषितांनी तिला काय देणार आहेस एवढेच विचारले. ती खजूर म्हणाली. काहीच दिले नसते तर खोटे बोलल्याची नोंद झाली असती, असे त्यांनी तिला समजावले. मला कोणी तसा प्रश्न विचारला असता तर मुठीतले पाकीट दाखवताना माझी मान खाली गेली असती.

खाण्याइतकाच खेळाचा प्रश्न आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे केले आणि त्यांच्याच कारकिर्दीत 1912 मध्ये खासबागचे कुस्ती मैदान सुरू झाले. पुस्तक आणि लाल माती या शहरात एकाच राजाने जोपासली. बाबूजमाल, काळाइमाम ही आमच्या तालमींची नावेच सांगतात की हा वारसा साऱ्यांचा आहे. प्रेषितांनी रुकाना या नामांकित मल्लाला चीत केल्याची रिवायत प्रसिद्ध आहे. इमाम तिर्मिजी यांनी तिची सनद भक्कम मानलेली नाही, हेही मी सांगितले पाहिजे. मात्र सशक्त मोमिन दुर्बळ मोमिनपेक्षा अल्लाहला अधिक प्रिय आहे, हे सहीह मुस्लिममधील वचन निर्विवाद आहे.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी एक तास दमदार हालचाल हवी असे सांगते. हा तास कोठे आहे? शाळा पाचला सुटते. हिवाळ्यात मगरिबला जेमतेम एक तास उरतो. तो तास मकतबने घेतला होता, म्हणजे मीच घेतला होता. मगरिबनंतर शिकवणी, मग गृहपाठ, मग फोन. मुले खेळत नाहीत अशी तक्रार मी मिंबरवरून करत होतो आणि त्यांचा खेळाचा तास माझ्याच हजेरीपटात बांधलेला होता. वास्तविक सहीह बुखारीत अंधार पडू लागताच मुलांना घरात घ्यावे अशी शिकवण आहे. उजेडात बाहेर आणि अंधारात छपराखाली, हा क्रम आम्ही उलटा केला होता.

आता आमच्याकडे मुलांचा वर्ग मगरिबनंतर भरतो. काही पालक नाराज झाले, कारण शिकवणीची वेळ हलवावी लागली. दोघांनी मुले काढून घेतली. बाकीची मुले धुळीने माखलेल्या पायांनी येतात आणि वुजूच्या नळाशी रांग लागते. सूरह ऐकवणाऱ्याला दोन खजूर मिळतात. शेंगदाण्याच्या दिवसांत मूठभर भाजके शेंगदाणे. पहिल्या आठवड्यात मुलांनी तोंडे वाकडी केली, हे कबूल करतो.

मुलींचा प्रश्न मात्र अवघड आहे. दहा-अकरा वर्षांची झाली की आमच्या मुलींचे धावणे थांबते, आणि ते थांबवणारे आपण धर्माचे नाव सांगतो. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत आयेशा (रजि.) स्वतः सांगतात की प्रवासात त्यांनी प्रेषितांशी धावण्याची शर्यत लावली व जिंकली, पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि हसत ही मागची परतफेड असल्याचे म्हणाले. मुलींनी रात्री परतावे हे घरच्यांना पसंत नाही, म्हणून त्यांचा वर्ग असरनंतरच ठेवला आहे. परंतु त्यातला पहिला अर्धा तास मदरशाच्या गच्चीवर दोरीच्या उड्या आणि लंगडीसाठी आहे. गच्चीचा कठडा कमरेइतकाच आहे. तो उंच करण्याच्या खर्चाचा अंदाज कमिटीपुढे ठेवला असून त्यावर पुढच्या जुम्यानंतर बैठक आहे.