दलील मागणे म्हणजे बेअदबी नव्हे

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. उत्तर हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी. आमच्या हिशेबाने असरची वेळ लवकर होते, त्यांच्या हिशेबाने उशिरा. तरीही रत्नागिरीत दोघे एकमेकांच्या मागे नमाज पढतात, कुणी कुणाची नमाज बातिल ठरवत नाही. एकाच मसल्यावर दोन बुजुर्ग आलिमांची दोन मते असू शकतात, हे आम्हाला किताबातून शिकावे लागत नाही. ते असरची वेळच शिकवते.

पण घरच्या, संसाराच्या प्रश्नावर जमात बसली की हे सारे आम्ही विसरतो. ‘मौलानांनी सांगितले ना? मग विषय संपला.’ कोणत्या आधारावर सांगितले, दुसरे मत आहे का, असे विचारणारा लगेच बेअदब ठरतो.

ज्यांचे आम्ही नाव लावतो, त्या इमाम शाफईंची रीत मात्र निराळी होती. मदिनेत ते इमाम मालिक यांचे शागीर्द होते. उस्तादाचा आदर त्यांनी कधी सोडला नाही, पण जिथे दलील पटली नाही तिथे उस्तादापेक्षा वेगळे मत दिले. पुढे बगदादहून ते मिसरला गेले आणि तिथे स्वतःचीच अनेक मते बदलली. आपल्या फिक्हच्या किताबांत त्यांचे ‘कदीम’ म्हणजे जुने आणि ‘जदीद’ म्हणजे नवे मत आजही शेजारी शेजारी नोंदलेले आहे. इसवी सन ८२० मध्ये ते वारले. एवढा मोठा इमाम आपले मत अखेरचे मानत नव्हता. मग आजच्या आलिमाचा शब्द अखेरचा कसा?

हा प्रश्न नुसत्या चर्चेचा नाही. एका दमात तीनदा तलाक म्हटले की तीन धरायचे की एक? हनफी आणि शाफई फिक्ह तीन धरते. अहले हदीस एकच धरतात. मिसरने १९२९ सालीच कायदा करून तो एक धरला. म्हणजे दुसरे उत्तर मुसलमानांमध्येच होते. तरीही आखातातून आलेल्या पत्रावर, पुढे फोनवर, बायका माहेरी परतत राहिल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. दलवाईंची सगळी मते पटायलाच हवीत असे नाही. पण त्या सात जणींच्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी समाजाने विचारणाऱ्याचा ईमान तपासला. अखेर २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा रद्द केली आणि २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. जे काम जमातीत, मदरशात, आपापसांत व्हायला हवे होते ते कोर्टाने आणि सरकारने केले. मग तक्रार कुणाकडे करायची?

यावर कुणी म्हणेल, आजारी पडल्यावर आपण डॉक्टरशी हुज्जत घालतो काय? नाही घालत. पण ऑपरेशन सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो की नाही? आलिमाचा इल्म मोठा आहे, त्यासाठी त्याने उमेदीची वर्षे घालवली आहेत. त्याची कदर झालीच पाहिजे. पण फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर दिलेले मत. तो हुकूम नव्हे. इस्लाममध्ये बंदा आणि अल्लाह यांच्यामध्ये पुरोहित नाही, असे आपण इतरांना अभिमानाने सांगतो. ते खरे असेल तर हिशेबाच्या दिवशी ‘मौलाना म्हणाले होते’ एवढे सांगून सुटका होणार नाही.

तेव्हा अदबीने, समोर बसून, तीन गोष्टी विचारायला शिकू या. याला कुरआन-हदीसचा आधार कोणता? दुसऱ्या इमामांचे म्हणणे काय? आणि या निर्णयाची झळ कुणाला लागणार? खरा आलिम या प्रश्नांनी रागावत नाही. तो किताब उघडतो.