पाचवीत जाणाऱ्या मुलांसाठी

हे गोव्यातल्या नार्वेच्या सप्तकोटेश्वरा, दिवाडी बेटावरचं तुझं देऊळ पाडलं गेल्यावर तू नदी ओलांडून डिचोलीच्या या भूमीत आलास. 1668 साली शिवाजी महाराजांनी तुझं मंदिर पुन्हा उभारवलं. स्थळ बदललं, तू तोच राहिलास. म्हणून तुझ्याकडेच मागते आहे.

पेडणे-डिचोलीच्या मराठी शाळांतली मुलं चौथी आटोपून पाचवीला बसतील. घरात कोकणी, पाटीवर मराठी, आणि आता गणित-विज्ञानसुद्धा इंग्रजीत. शब्द ती पाठ करतील रे, अडतील ती क्रियापदाच्या काळापाशी. आत्ता पोटात भूक असताना मूल ‘भूक लागली’ म्हणतं. हाक आली की जागचं न हलता ‘आलो’ म्हणतं. मराठीत काळ असाच चालतो. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ लिहिणाऱ्या मुलाच्या मनात ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे धड वाक्य असतं; इंग्रजीला मात्र ‘हॅव’च्या पंगतीत ‘काल’ चालत नाही. वहीवर लाल रेघ ओढणाऱ्या हाताला ते मनातलं वाक्य आधी ऐकू येऊ दे. रेघ पडो, नियम यायलाच हवा. पण त्या रेघेनं मूल मठ्ठ ठरू नये.

आफ्रिकेतल्या मोम्बासाच्या मुलांनाही सांभाळ. गोव्याची कितीतरी माणसं पोटासाठी त्या किनाऱ्यावर गेली, स्वाहिली बोलू लागली. तिथलं दमलेलं मूल ‘निमेचोका’ म्हणतं. त्यातलं ‘मे’ क्रिया पुरी झाल्याचं सांगतं, अगदी आपल्या ‘दमलोय’सारखं. इंग्रजीत तिथे ‘आय ॲम टायर्ड’ एवढंच. समुद्राच्या दोन्ही काठांवरची लेकरं एकाच उंबरठ्यावर ठेचकाळतात, देवा.

आम्हाला इंग्रजी हौसेसाठी नको. 2012 साली खाणी थांबल्या आणि डिचोलीतले ट्रक दारात उभे राहिले. 2023 पासून पेडण्यातल्या मोपा विमानतळावर विमानं उतरतात. पेडण्याच्या मुलांना तिथे नोकरी हवी, तर ही भाषा हवीच. ‘जा’चं ‘गेला’ होतं हे ती कुणी न शिकवता शिकली. ‘गो’चं ‘वेंट’ही त्यांच्या जिभेवर बसेल, एवढा भरवसा त्यांच्या मनात घाल.

आणि ज्या घरात इंग्रजी कुणालाच येत नाही, त्या घरातल्या मुलाच्या शेजारी वही घेऊन रोज थोडा वेळ बसणारं कुणीतरी माणूस दे.