नीवु आणि नीनु

परदेश नेमका कुठे सुरू होतो? १९६१ च्या डिसेंबरपर्यंत कॅसलरॉकमध्ये उत्तर सोपं होतं: इथे भारताची जकात, घाट उतरला की कुळेंला पोर्तुगिजांची. १९८० साली मी रेल्वेच्या उमेदवारीसाठी आलो आणि एका कानडी घरात राहिलो. जकात उठली होती, पाहुणेपण उरलं होतं. अक्का मला 'नीवु' म्हणत, जेवल्यावर ताट उचलू देत नसत. हा मान की अंतर? एका रात्री पाऊस घरात शिरला, तेव्हा 'नीनु' म्हणत त्यांनी मला लाकडं आत आणायला पिटाळलं. हायसं वाटलं. पण 'तू' म्हणवून घेण्याचा हक्क पाहुण्याला असतो का? मला वाटतं, नसतो. तो यजमानानेच द्यायचा. आपण सीमेवरची माणसं हक्काची भाषा जरा जास्तच बोलतो, तीही दोन-दोन भाषांतून. अक्कांना मी मात्र शेवटपर्यंत 'नीवु'च म्हटलं.