प्रभागाचे मत आणि माणसाचे मत

राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका दीर्घ खोळंब्यानंतर डिसेंबर 2025 मध्ये पार पडल्या. 21 डिसेंबरच्या मतमोजणीनंतर प्रभागनिहाय आणि बूथनिहाय आकड्यांचे तक्ते हातोहाती फिरू लागले, आणि कोणत्या गल्लीने मताधिक्य दिले, कोणता समाज फुटला, कोणत्या वस्तीने शब्द मोडला याचे निवाडे त्यांच्या आधारे ठामपणे सुनावले गेले. या निवाड्यांमागचा दावा असा की बूथची आकडेवारी हाती असली की मतदाराचे मन वाचता येते. हा दावा एकीकडे चुकीचा आहे आणि दुसरीकडे घातक आहे. त्यातील चूक सहज दाखवता येते, धोका मात्र सहसा ध्यानात येत नाही.

चुकीचा भाग प्रथम पाहू. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1950 मध्ये एका छोट्या निबंधात 1930 च्या जनगणनेचे आकडे तपासले. राज्यनिहाय पाहिले असता परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जिथे जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. प्रत्यक्ष माणसे मोजली तेव्हा परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षरता किंचित जास्त निघाली. स्थलांतरित लोक मुळात अधिक साक्षर असलेल्या राज्यांत स्थायिक झाले होते, एवढेच त्यामागचे कारण होते. समूहाच्या सरासरीवरून त्यातील व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्याची ही चूक समाजशास्त्रात समूहसरासरीचा दोष म्हणून ओळखली जाते, आणि निकालानंतरच्या आपल्याकडील चर्चा बव्हंशी याच दोषावर उभ्या असतात.

हे गणित एखाद्या काल्पनिक प्रभागावर मांडून पाहावे. सहाशे मते पडली, त्यांतील तीनशे साठ एका समाजाची आणि दोनशे चाळीस दुसऱ्या समाजाची आहेत, आणि एका उमेदवाराला बरोबर तीनशे साठ मते मिळाली. पहिला समाज एकगठ्ठा त्याच्या पाठीशी उभा राहिला, असे कोणीही सांगेल. परंतु दुसऱ्या समाजाची सर्व दोनशे चाळीस मते त्यालाच पडली असतील, तर पहिल्या समाजातून त्याला केवळ एकशे वीस, म्हणजे एकतृतीयांश मते मिळालेली असतील, आणि तरीही तक्त्यावरचा आकडा तोच राहील. डंकन आणि डेव्हिस या संशोधकांनी 1953 मध्ये दाखवून दिलेल्या या पद्धतीला सीमांची पद्धत म्हणता येईल. सत्य कोणत्या दोन टोकांच्या दरम्यान असू शकते एवढेच ती सांगते, आणि वरील उदाहरणात ही टोके एकतृतीयांश ते संपूर्ण इतकी दूर आहेत.

गल्लीवरून मतदाराचे मन वाचता येत नाही, हे तुळजापूर तालुक्यातील मतदारांनी तर वेगळ्या वाटेने सिद्ध केले आहे. मे 2024 च्या लोकसभा निवडणुकीत उस्मानाबाद मतदारसंघातून, ज्यात तुळजापूर विधानसभा क्षेत्र मोडते, ओमप्रकाश राजेनिंबाळकर यांनी अर्चना पाटील यांचा तीन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तुळजापूरमधून राणाजगजितसिंह पाटील विधानसभेवर निवडून आले. पराभूत उमेदवार आणि विजयी उमेदवार एकाच घरातील पती-पत्नी होते. सहा महिन्यांत गल्ल्यांची जातरचना बदलली नव्हती आणि घरेही तीच होती. त्यामुळे गल्ली कोणाची या प्रश्नाला कायमचे उत्तर असते, हा समज या तालुक्यात तरी टिकत नाही.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीत याच समजाने वेगळे रूप घेतले. नोव्हेंबर 2024 मध्ये माळशिरस मतदारसंघातून उत्तम जानकर निवडून आले, तरी त्या गावात त्यांना 843 आणि प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना 1003 मते मिळाल्याचे आकडे समोर आले. गाव असे मतदान करूच शकत नाही, या खात्रीपोटी ग्रामस्थांनी 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर फेरमतदान घेण्याचे ठरवले आणि प्रशासनाने जमावबंदी लागू केल्यावर ते मागे घेतले. मतदानयंत्राविषयीचा वाद येथे बाजूला ठेवला, तरी गावाला आपले मन एकच आहे असे वाटणे हे यंत्रापेक्षा जुने प्रकरण आहे, आणि त्याचे सर्वांत कठोर परीक्षण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना केले होते. मसुद्यात खेड्याला स्थान नाही या टीकेला उत्तर देताना त्यांनी खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर असल्याचे सांगितले आणि संविधानाने खेडे टाकून व्यक्ती हा घटक स्वीकारला याचे स्वागत केले. गावाचा आवाज एक असतो असे म्हणताना त्या आवाजात कोणाचा आवाज दडपला जातो, हे ज्याने भोगले आहे तोच हा मुद्दा इतक्या नेमकेपणाने मांडू शकतो. एकमताचा हा मोह कुठवर जातो याचा पुरावा जानेवारी 2021 मध्ये मिळाला, जेव्हा सरपंच आणि सदस्यपदांचे लिलाव झाल्याचे उघड झाल्यामुळे राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका रद्द कराव्या लागल्या.

एवढ्यावर थांबले तर बूथनिहाय तक्ते निरुपयोगी ठरवून विषय संपवता येईल. परंतु सीमांचेच गणित दुसऱ्या टोकाकडून केले की ही भूमिका पुरेशी राहत नाही. मिश्र वस्तीच्या प्रभागात काहीच न सांगणारा आकडा एकजिनसी वस्तीत जवळजवळ सर्व काही सांगतो. एखाद्या वस्तीत तीनशे मते पडून सरपंचपदाच्या उमेदवाराला बारा मिळाली असतील, तर उरलेल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी जणांनी त्याला मत दिले नाही हे पुराव्यासह त्याच्या हाती येते. नावे शोधण्याची गरजच उरत नाही, कारण पाणी वस्तीला येते, रस्ता वस्तीत होतो आणि पथदिवाही वस्तीतच लागतो. त्यातही ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींसाठीच्या जागा त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण जिथे सर्वाधिक अशा प्रभागांना उतरत्या क्रमाने दिल्या जातात, त्यामुळे सर्वांत उघडे पडणारे प्रभाग नेमके सर्वांत दुबळ्यांचे असतात. ज्ञान देण्यास अपुरा असलेला आकडा शिक्षा देण्यास पुरेसा ठरतो.

हा धोका कल्पनेतला नाही. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघातील एका गावाला मते न दिल्यास पाणी तोडण्याची धमकी दिल्याचा आरोप झाला आणि तो नाकारला गेला. 2019 मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रचारसभेत मिळालेल्या मतांनुसार गावांची प्रतवारी करून कामे करण्याची भाषा जाहीरपणे वापरली गेली. मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय नियमांत होती. यंत्र आल्यावर ती हरवली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणाऱ्या टोटलायझर या उपकरणाचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये दिला, विधी आयोगाने मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात त्याची शिफारस केली, पण केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही.

केंद्रनिहाय आकडे असे झाकण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप राजकीय पक्षांकडून येत नाही, तो वस्त्यांकडूनच येऊ शकतो. ज्यांच्याजवळ जमीन नाही, संस्था नाही, नातेसंबंधांचे जाळे नाही, त्यांच्याजवळ मोजता येणारी मते हे एकमेव भांडवल असते. ती कोणाला दिसलीच नाहीत, तर रस्ता मागायचा कशाच्या बळावर? या आक्षेपात तथ्य आहे आणि त्यामुळे सरसकट सर्व आकडे झाकावेत ही मागणी सोडून द्यावी लागते.

मार्ग मात्र स्थानिक निवडणुकीच्या रचनेतच आहे. सदस्य प्रभागातून निवडून येतो, त्यामुळे त्याची मते प्रभागनिहाय दिसणे अटळ आहे आणि योग्यही आहे, कारण वस्तीची सौदाशक्ती त्याच्यामार्फत टिकते. सरपंच मात्र 2017 पासून, मधला 2020 ते 2022 चा काळ वगळता, थेट सर्व गावाकडून निवडला जातो. नगराध्यक्षाचेही 2016 पासून तसेच आहे. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या अणदूरसारख्या मोठ्या गावात वित्त आयोगाचा निधी, नळयोजना आणि घरकुलांच्या याद्या यांवर ज्याचा प्रभाव चालतो, तो संपूर्ण गावाचा प्रतिनिधी असताना त्याला प्रभागनिहाय हिशेब का कळावा, याला कोणतेही समर्थनीय कारण नाही. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांनी खंडोबाची एकच मूर्ती वर्षातून ठरलेल्या काळापुरती आपापल्याकडे ठेवण्याची परंपरा दोन्हीकडील मानकऱ्यांच्या लेखी कराराने चालवली आहे. सामाईक गोष्टीवर कोणा एका बाजूने मालकी सांगू नये, हे या परिसराला नव्याने शिकवावे लागणार नाही.

मारकडवाडीसारखी शंका उपस्थित करण्याची वाटही बंद होण्याचे कारण नाही. प्रत्येक केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब उमेदवारांच्या प्रतिनिधींना द्यावा, त्यांची बेरीज जाहीर निकालाशी ताडून पाहावी आणि उमेदवारनिहाय केंद्राचा तपशील वाद उद्भवल्यास न्यायालयाच्या आदेशानेच उघडावा. राज्य निवडणूक आयोगाने पुढील ग्रामपंचायत निवडणुकांपूर्वी सरपंच आणि नगराध्यक्ष या दोन पदांची मते एकत्र मोजून एकच आकडा जाहीर करण्याचा नियम करावा, आणि अणदूरच्या ग्रामसभेने तसा ठराव करून तो आयोगाकडे पाठवावा.