पोकळी आणि प्रायश्चित्त

एखाद्या दोषाचें क्षालन करण्याचा उपाय हातीं आला, म्हणजे तो दोष करण्याची मोकळीक मिळते काय, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न आहे. अजाणतां घडलेल्या पापालाच प्रायश्चित्त आहे, कीं बुद्धिपुरःसर केलेल्या पापालाहि आहे, याविषयीं पंडितांत मतभेद असल्याची नोंद मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांतच सांपडते. रसायनशास्त्राच्या एका शोधानें हाच वाद आतां धर्मपीठांतून उचलून कारखान्याच्या दारीं आणून ठेविला आहे.

हा शोध म्हणजे धातु आणि सेंद्रिय रेणु यांच्या जोडणीनें बनणाऱ्या सच्छिद्र स्फटिकांचा. धातूचे अणु सांध्यांच्या जागीं आणि कार्बनी रेणु तुळयांच्या जागीं बसून त्यांची एक चौकट उभी राहते. तिच्यांत भिंतींपेक्षां पोकळीच अधिक. १९८९ सालीं रिचर्ड रॉबसन यांनीं तांब्याचे आयन घेऊन अशी चौकट रचली. अशा चौकटींत वायु आंतबाहेर जाऊं शकतात, हें सुसुमु कितागावा यांनीं १९९७ सालीं दाखविलें. आणि १९९९ सालीं ओमर याघी यांनीं सिद्ध केलेल्या एका पदार्थाच्या अवघ्या दोनतीन ग्रॅमांत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग सांठलेला आढळला. या तिघांना २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत रामनाथन वैद्यनाथन हे याच विषयाचे अभ्यासक आहेत. अशा पोकळींत कार्बन डायऑक्साइडचा रेणु नेमका कोठें बसतो, हें त्यांनीं कॅल्गरी येथील सहकाऱ्यांसह २०१० सालीं क्ष-किरणांच्या साह्यानें दाखविलें होतें.

हा पदार्थ कल्पनेनें बुटीबोरीस नेऊन पाहूं. नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गावर ही औद्योगिक वसाहत आहे. येथें सूत-कापडाच्या गिरण्या आहेत, आणि कोळशावर वीज करण्यासाठीं ६०० मेगावॉट क्षमतेचें केंद्र उभारलेलें आहे. १२ किलो कार्बन पूर्ण जळला कीं ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे आकाशावर पडणारें ओझें जाळलेल्या कार्बनाच्या साडेतीनपटीहून अधिक. तें ओझें धुराड्याशींच अडविणारी पोकळी मिळाली, तर तिचें स्वागत कोण करणार नाहीं?

यावर कोणी म्हणेल कीं, येथें उपाय हाच अपाय होय. धूर पकडतां येतो असें कळल्यावर जाळणारा अधिकच निर्धास्त होईल. हा आक्षेप निराधार नाहीं; परंतु त्यावरून संशोधकानें हात आंखडावा असें ठरत नाहीं. आज हवेंत गेलेल्या वायूचें दुःख ज्यांना भोगावें लागणार, त्यांत वैशाखाच्या उन्हांत राबणारा शेतमजूर आहे, आणि अजून जन्मास न आलेलीं मुलें आहेत. उपाय शोधावयाचा तो त्यांच्यासाठीं. दोषी निसटेल या भीतीनें निरपराध्याचें औषध अडवून ठेवणें हा न्याय नव्हे.

पण त्या औषधाचा स्वभावहि ओळखला पाहिजे. ही पोकळी वायु नाहींसा करीत नाहीं, नुसता धरून ठेवते. ती भरली कीं ताप देऊन किंवा दाब उतरवून रिकामी करावी लागते. त्या खटाटोपास पुन्हां ऊर्जा लागते; आणि सुटलेला वायु भूगर्भांत कोंडावा किंवा दुसऱ्या कामीं लावावा लागतो. ओझें येथून तेथें हलतें, पण कोणीतरी तें वाहिलेंच पाहिजे. किती वायु धरला, एवढें रसायनज्ञ सांगूं शकतो. तो कोणीं सांभाळावा, त्याचा खर्च कोणीं सोसावा आणि मुळांत किती जाळावें, हे प्रश्न कोणत्याहि स्फटिकांत शोषले जात नाहींत. ते मालकाचे आहेत, सरकारचे आहेत, आणि रात्रीं दिवा लावणाऱ्या आपणां सर्वांचे आहेत.

प्रायश्चित्तास अर्थ येतो तो तें पाप पुन्हां न करण्याच्या निश्चयामुळें. म्हणून बुटीबोरीच्या धुराड्यास उद्यां अशी पोकळी बसलीच, तर जाळलेल्या कोळशाचा हिशेब बंद न करतां अधिक काटेकोरपणें ठेवावा लागेल. तो आंकडा वर्षानुवर्षें उतरत गेला, तर संशोधकाचे श्रम सार्थकीं लागले म्हणावें; चढत राहिला, तर प्रायश्चित्ताच्या नांवावर आपण पापाचा परवाना घेतला असें होईल.