आठ, सोळा, बत्तीस

"मामा, बत्तीस जीबीच्या खाली बघूसुद्धा नकोस. एकदाच घे, जन्माचं काम होऊन जाईल." बोरिवलीच्या भाच्याने फोनवर हे इतक्या सहज सांगितलं की मी 'बरं' म्हणून मोकळा झालो. खुपायला लागलं ते नंतर.

जन्माचं काम? विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला काढून घेतला आणि माझा धडधाकट पीसी विंडोज ११च्या अटींत बसेना, म्हणून तर ही नव्या पीसीची खरेदी. जुना घेतानाही कोणीतरी जन्माचंच काम म्हणालं होतं. शिवाय मुलुंडच्या वन बीएचकेत सोफा-कम-बेडवर संसार करणारी आपण माणसं, रॅमच्या बाबतीत एकदम वाडा बांधायला कशी निघतो?

रॅम कशाला म्हणतात, हे सांगत बसत नाही. कोठीची खोली (डिस्क) वेगळी आणि स्वयंपाकाचा ओटा (रॅम) वेगळा, एवढं ध्यानात असलं की पुरे. माझ्या मनात घोळतो तो फरक दुसरा: माझी गरज आणि प्रोग्रॅमची भूक. माझी गरज म्हणजे सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब, आयकराचं रिटर्न, मुलीच्या प्रवेशाचे फॉर्म, रात्री यूट्यूबवर नाट्यगीतं. त्यात वर्षानुवर्षं फारसा बदल नाही. भूक मात्र बघा. विंडोज ९५ने किमान ४ एमबी रॅम मागितली होती, २०२१च्या विंडोज ११ने किमान ४ जीबी. १०२४ पट! गच्चीच्या गळतीबद्दल सेक्रेटरींना लिहायचं पत्र तेव्हाही एक पानी होतं, आजही आहे. पास्कल भाषेचे जनक निक्लाउस वर्थ यांनी १९९५मध्येच याबद्दल तक्रार केली होती: यंत्रं जेवढी वेगवान होतात, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर जड होतं.

इथे थोडं आडवाटेला जातो. याच मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टिफ्रॅक' नावाचा संगणक घडवला. तो १९६०मध्ये सुरू झाला, त्याचं बारसं १९६२मध्ये पंडित नेहरूंनी केलं. त्याची स्मृती होती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. एका बिटाला फेराइटची एक बारीक कडी, म्हणजे ८१,९२० कड्या, तारांत ओवलेल्या. आजच्या हिशोबाने सगळं मिळून १० केबी! तेवढ्यात शास्त्रज्ञ आपली गणितं बसवत. तिथे एक शब्द वाया घालवणं म्हणजे चाळीस कड्या वाया घालवणं. ती उधळपट्टी डोळ्यांना दिसत होती. आपल्या उधळपट्टीला कडी नाही, म्हणून तिची लाजही नाही.

तर भाचा. त्याने पुरावा म्हणून माझ्याच ८ जीबीच्या पीसीवर टास्क मॅनेजर उघडायला लावला. मेमरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास. "बघ, भरत आली." हा युक्तिवाद मला मान्य नाही. जागा असली की ब्राउझर ती वापरतो. टंचाई झाली की न बघितलेले टॅब सोडूनही देतो. रॅम खरोखर कमी पडते तेव्हा विंडोज तिच्यातला माल डिस्कवर टाकू लागतं आणि प्रत्येक क्लिकला थांबावं लागतं. नुसत्या टक्क्यावरून निकाल देणं म्हणजे... असो, भाचा इंजिनिअर आहे, पुढचं बोलत नाही.

पण क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडला तेव्हा मी गप्प झालो. ओळींची रांग. आदल्या दिवसापासून उघडं राहिलेलं बातम्यांचं एक पान एकटं तीनशे एमबी धरून बसलेलं. म्हणजे तीस हजार टिफ्रॅक, कशासाठी, तर एका बातमीसाठी आणि तिच्याभोवती नाचणाऱ्या जाहिरातींसाठी. आठवर भागवायचं असं मी ठरवलं होतं, पण त्या काटकसरीचा फायदा कोणाला? मी कितीही संयमी राहिलो तरी ते पान राहणार नाही. पुढच्या वर्षी ते चारशे मागेल आणि माझा ठाम आठचा बाणा घरच्यांना सोसावा लागेल.

'आत्ता कमी घ्या, रॅम दरवर्षी स्वस्त होते' हा जुना सल्लाही २०२५मध्ये निकामी झाला. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी, ती करणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यत्वे तीन (सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन), त्यामुळे भाव चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये आपल्या-तुपल्यासाठीचा 'क्रुशल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. टंचाईच्या काळात वाट बघणं ही काटकसर नव्हे.

मग बत्तीस का नको? कारण व्हिडिओ एडिटिंग भाचा करतो, घरच्या घरी एआयची मॉडेलं तो चालवतो. ती गरज खरी आहे, पण त्याची आहे. माझ्या पैशांनी त्याने स्वतःचा पीसी मनात घेऊन टाकला.

तेव्हा सोळा. आठ-आठच्या दोन पट्ट्यांनी वेग थोडा वाढतो, हे खरं. पण मेंटेनन्सच्या हिशोबाला तो जाणवत नाही. म्हणून सोळाची एकच पट्टी आणि शेजारचा स्लॉट पुढच्यासाठी रिकामा. तुम्ही लॅमिंग्टन रोडला जा किंवा स्टेशनजवळच्या दुकानात, स्लॉट किती आणि मोकळे किती हे आधी विचारा. लॅपटॉप असेल तर रॅम बोर्डावरच डाखलेली नाही ना, हे बघा. आणि 'सोळा गुणिले एक' असं बिलावर लिहून घ्या.