झोप न येणे हा विश्वासाचा दोष आहे काय?

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण एकमेकांची विचारपूस करतो. गुडघे कसे आहेत, साखर किती आली, मुलाच्या नोकरीचे काय झाले, हे सारे मोकळेपणाने बोलतो. "रात्री झोप लागते का?" असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर "हो, लागते की" असे म्हणून आपण विषय बदलतो. मीही चार वर्षे हेच उत्तर देत होतो आणि ते खोटे होते. म्हणून आज हे लिहीत आहे.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी तीस वर्षे तीन पाळ्यांत काम केले. रात्रपाळी करून आलो की खिडकीला चादर लावून भर दुपारी झोपायचो. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण तेव्हा मला तंतोतंत लागू होती. याकोबाच्याही उशाला बेथेल येथे धोंडाच होता आणि त्याच धोंड्यावर डोके ठेवून त्याने स्वर्गाला टेकलेल्या शिडीचे स्वप्न पाहिले. मी निवृत्त झालो, पाळ्या संपल्या, मुलांनी चांगली गादी घेऊन दिली आणि नेमकी तेव्हाच झोप गेली.

ज्यांना हा त्रास नाही त्यांना त्याची कल्पना येणे कठीण आहे. एक वाजतो, दोन वाजतात. लांबून रेल्वेचा भोंगा ऐकू येतो. शेजारी पत्नी शांत झोपलेली असते आणि तिचा हेवा वाटू लागतो. द्राक्षबागायतदार निफाडच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवून जागतो, नर्सबाई वॉर्डात जागतात. त्यांच्या जागण्याला काही कारण असते. निद्रानाशाचे जागणे मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी माणूस चिडका, विसराळू होतो. आठवड्यातून तीन रात्री किंवा त्याहून जास्त आणि सलग तीन महिने असे चालले, दिवसाच्या कामावरही त्याचा परिणाम होऊ लागला, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

मी घरचे सगळे उपाय केले. दुधात जायफळ उगाळून घेतले, खसखशीची खीर खाल्ली, काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळून घेतले. बरे वाटायचे, पण झोप येत नसे. मग ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या पाकिटातल्या दोन गोळ्या दिल्या. पहिल्या रात्री सहा तास झोपलो आणि चमत्कार झाला असे वाटले. पुढे अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. गोळ्यांचे पाकीट मी जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या डब्यात लपवून ठेवू लागलो.

लपवावेसे का वाटले? एका प्रार्थनासभेत मी चाचरत विषय काढला होता. तेव्हा एक जण म्हणाले, "प्रभूवर भार टाकला की झोप येतेच. आपला विश्वास कुठेतरी कमी पडतो." त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ते वाक्य मला लागले. त्या दिवसापासून झोप न येणे हा आजार न राहता माझा अपराध होऊन बसला.

तो खरोखर अपराध आहे काय? 'कर नाही त्याला डर कशाला' या न्यायाने आपण धरून चालतो की ज्याचे मन स्वच्छ त्याला गाढ झोप लागते. पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर हा हिशेब जुळत नाही. परमेश्वराची आज्ञा मोडून पळणारा योना वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता आणि परधर्मी खलाशी वर जागे राहून आपापल्या देवांचा धावा करीत होते. गेथशेमाने बागेत शिष्य झोपले आणि प्रभू येशू जागा राहिला. तोच प्रभू एकदा वादळात नावेत उशीवर डोके ठेवून झोपलाही होता. स्तोत्रकर्ता आपले अंथरूण रात्रभर अश्रूंनी भिजल्याचे देवालाच सांगतो. त्याला कोणी अविश्वासी म्हटलेले नाही. झोपेवरून माणसाच्या आत्म्याची परीक्षा करता येत नाही, हेच यातून दिसते.

कधी कधी जागेपण आपल्याला काही आठवून देते, हेही खरे. एस्तेरच्या पुस्तकात अहश्वेरोश राजाला एका रात्री झोप लागत नाही. तो राज्याच्या नोंदवह्या वाचून घेतो, तेव्हा मर्दखयाने आपला जीव वाचवूनही त्याला काहीच बक्षीस दिले नाही, हे त्याच्या लक्षात येते. मलाही असेच काही आठवले. थोरल्या भावाशी शेताच्या बांधावरून माझे नऊ वर्षे बोलणे नव्हते. त्याला फोन केला. दोघेही रडलो. मन हलके झाले, पण त्या रात्रीही झोप आली नाही. योग्य ते करावे, ते योग्य असते म्हणून. झोप त्याचा मोबदला म्हणून मिळत नाही, हे मी त्या रात्री शिकलो.

दुसरा प्रश्न गोळीचा. प्रार्थना असताना औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे काय? आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये सिराखचा ग्रंथ आहे. त्याच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे. औषधे परमेश्वराने जमिनीतून निर्माण केली आहेत आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही, असा त्याचा आशय आहे. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याची जागा द्यावी, या दोन्ही गोष्टी तिथे शेजारी शेजारी आहेत. आयुर्वेदातही चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार सांगितले आहेत. हा आधार खचला तर उपचार घेणे हे कर्तव्यच ठरते.

पण औषध मानणे वेगळे आणि गोळीवर आंधळा भरवसा ठेवणे वेगळे. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी अगदी निर्धोक म्हणून विकायला आली. गरोदर स्त्रियांनीही ती घेतली. १९६१ च्या अखेरीस ती तिथल्या बाजारातून काढून घेतली गेली, तोपर्यंत जगात हजारो बाळे हातापायांतील व्यंगे घेऊन जन्माला आली होती. आजच्या गोळ्या तशा नाहीत, पण त्यांनाही मर्यादा आहेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही औषधे आपल्या देशात २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि औषध दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. यांतल्या बऱ्याच गोळ्यांची शरीराला सवय लागते. म्हाताऱ्या माणसाचा रात्री तोल जातो. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. रोज घेणाऱ्याने त्या एकदम बंद करणेही धोक्याचे असते, झटके येऊ शकतात. म्हणून हा लेख वाचून कोणी आज रात्रीच गोळ्या फेकून देऊ नयेत. डॉक्टरांना विचारूनच त्या कमी कराव्यात.

एका पहाटे मी न्हाणीघरात घसरून पडलो. पत्नीने विचारले तेव्हा "फरशी ओली होती" असे सांगितले. त्या आठवड्यात पापनिवेदनाला गेलो आणि झोपेच्या गोळ्या घेतो, असे सांगितले. फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गोळी घेतली हे पाप नाही. दुसऱ्याचे औषध घेतलेत, डॉक्टरांना सांगितले नाहीत आणि पत्नीशी खोटे बोललात, त्याचे बोला." मी इतकी वर्षे चुकीच्या गोष्टीची लाज बाळगत होतो, हे तेव्हा ध्यानात आले. त्याच संध्याकाळी डबा उघडून पत्नीसमोर ठेवला. ती रागावली नाही. "मला वाटत होतेच," एवढेच म्हणाली.

मग दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी प्रश्न विचारले. घोरता का? झोपेत श्वास अडकतो का? लघवीला किती वेळा उठता? मन उदास असते का? चहा किती घेता? यांतले एखादे कारण असेल तर आधी त्यावर उपचार करायला हवा. झोपेत श्वास अडकणाऱ्याला तर गोळ्यांनी अपायच होऊ शकतो. माझ्या गोळ्या त्यांनी चार महिन्यांत हळूहळू कमी केल्या आणि सोबत काही शिस्त लावली.

झोप लागो न लागो, रोज एकाच वेळी उठायचे. दुपारची वामकुक्षी बंद. दुपारनंतर चहा नाही. अंथरूण फक्त झोपण्यासाठी, तिथे टीव्ही नाही, मोबाइल नाही. वीस-एक मिनिटांत झोप लागली नाही तर तळमळत न पडता उठून दुसरीकडे मंद उजेडात बसायचे आणि डोळे जड झाले की परत यायचे. काही आठवडे तर अंथरुणात पडून राहण्याचे तासच कमी केले. यामागचे कारण सोपे आहे. आपण जितका वेळ जागे राहतो तितकी झोपेची गरज साठत जाते. लवकर आडवे होऊन आणि दुपारी डुलक्या काढून मी ती साठूच देत नव्हतो. शिवाय 'अंथरूण म्हणजे जागणे' अशी शरीराला सवय लागली होती, ती मोडायची होती. ही शिस्त आणि झोपेविषयीच्या भीतीवर केलेले काम मिळून जो उपचार होतो, तोच जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी करून पाहावा, असे अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१६ साली सांगितले. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले, तेव्हा पत्नी सोबत नसती तर मी सोडून दिले असते. आज आठवड्यातून पाच रात्री बऱ्या झोपेच्या असतात. दोन नसतात. जायफळाचे दूध अजून घेतो, आवडते म्हणून.

प्रार्थनेविषयी मात्र एक सांगायचे राहिले. त्या वर्षांत मी जपमाळ हातात घ्यायचो ती झोप यावी म्हणून. मणी संपले आणि झोप आली नाही की देवावर रागवायचो. म्हणजे जपमाळेचीही मी गोळीच केली होती. लिझ्यूच्या संत तेरेजाला प्रार्थनेत झोप लागत असे, पण ती त्याने खचली नाही. लेकरू जागे असो की झोपलेले, आईबापांना ते सारखेच प्रिय असते, असे तिने लिहून ठेवले. मला वाटते, ते उलटही तितकेच खरे आहे. देवाला झोपलेले लेकरू प्रिय आहे तसेच न झोपणारेही आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली मनिला येथे सांगितले होते की आपल्या टेबलावर झोपलेल्या संत योसेफाची मूर्ती आहे आणि एखादी अडचण आली की ती कागदावर लिहून आपण त्या मूर्तीखाली ठेवतो. डॉक्टरांनीही मला संध्याकाळी काळज्या वहीत लिहून वही मिटायला सांगितले होते. आता मी तसे करतो आणि मग प्रार्थना करतो, मोबदल्यात काही न मागता.

ज्यांना चांगली झोप लागते त्यांचेही काही कर्तव्य आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आपल्याही लग्नांना आणि सणांना लागू आहे. भिंतीपलीकडे कोणीतरी महत्प्रयासाने डोळा लावलेला असतो. कोणी आपला त्रास सांगितला तर त्याच्या विश्वासाचे मोजमाप करू नये. त्याला डॉक्टरांकडे सोबत करावी. रात्र फारच जड झाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आज मिस्सानंतर आवारात भेटाल तेव्हा गुडघ्यांबरोबर झोपेचीही चौकशी करा. समोरचा "हो, लागते की" म्हणाला तर लगेच विषय बदलू नका. थोडा वेळ थांबा. कदाचित त्याला आणखी काही सांगायचे असेल.